ओळंब्याची सावली

दुपारचे १२ वाजून २० मिनिटं झाली होती आणि काका कुणाला डब्याला हात लावू देत नव्हते. चंद्रपूरबाहेरच्या एका शाळेच्या मागच्या मैदानात आम्ही चौघं उभे होतो: मी, काका, मनोऱ्यावर चढणारा पोरगा आणि शाळेचे चौकीदारदादा. मध्ये वारा-तापमान मोजणाऱ्या यंत्रांचा आमचा १० मीटरचा लोखंडी मनोरा. त्याच्या जवळ तीन बांबूंची तिकाटी आणि तिला टांगलेला गवंड्याचा ओळंबा. वाऱ्याने झुलू नये म्हणून त्याचं टोक पाण्याच्या बादलीत बुडवलेलं, आणि दोरीची सावली पडत होती तेवढी माती हाताने सपाट केलेली.

"१२ वाजून २७ मिनिटांनी," काका म्हणाले. "तेव्हा खिळे ठोकायचे. आधी नाही, नंतर नाही."

चौकीदारदादांनी विचारलं, "मॅडम, हे काय करून राहिले जी? बारा तर कधीचेच वाजले."

प्रश्न रास्त होता. घड्याळातले बारा म्हणजे भर दुपार नव्हे. आपलं घड्याळ चालतं साडेब्याऐंशी रेखांशावर आणि चंद्रपूर आहे साधारण ७९.३ वर, त्यामुळे सूर्य माथ्याच्या रेषेत यायला इथे तेरा मिनिटं उशीर. त्यात फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि तिच्या अक्षाच्या कलामुळे सूर्य आणखी चौदा मिनिटं मागे असतो. दोन्ही मिळून १२:२७. त्या क्षणी ओळंब्याची सावली बरोबर उत्तरेकडे पडते. होकायंत्राच्या उत्तरेकडे नाही, खऱ्या उत्तरेकडे. आणि ती थांबत नाही. त्या दिवसांत त्या जागी ती दर अडीच मिनिटांना सुमारे एक अंश फिरते. पाच मिनिटं चुकलात की दोन अंश गेले. म्हणून डबे बंद होते.

आमचं काम हवेतल्या धुळीचं. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथं होतं. कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्र, सिमेंट, हे सगळं एकमेकांच्या शेजारी. आमच्या प्रकल्पाचा प्रश्न छोटा होता: या एका वस्तीवर रात्री जी धूळ येते ती कुठून येते? डिसेंबरात शाळेच्या मैदानात धूळमापक बसवलं आणि शेजारी हवामानाचा मनोरा उभा केला. वर वाऱ्याचा वेग आणि दिशा, २ आणि १० मीटरवर तापमान, शिवाय आर्द्रता, ऊन, पाऊस. धूळमापकाची आम्ही आठवड्याला तपासणी करत होतो, गाळणी बदलत होतो, प्रवाह मोजत होतो. वरच्या यंत्रांकडे मात्र खालून मान वर करून बघायचं, कप फिरतायत ना, झालं. हे मी लिहिते आहे कारण दोन महिने माझंही असंच चालू होतं.

दोन महिन्यांच्या नोंदींवरून मी प्रदूषणाचा रोझ काढला. म्हणजे वारा ज्या दिशेने आला त्या दिशेला त्या तासाची धूळ मांडायची. एक लांब पाकळी ७० अंशांवर आली, पूर्वेच्या जरा उत्तरेला. नकाशावर रेघ ओढली तर ती दोन किलोमीटरवरच्या वीटभट्ट्यांवर जाऊन टेकत होती. चित्र इतकं स्वच्छ होतं की मला आनंद झाला. मी ते प्रकल्पाच्या सल्लागार मंडळींना पाठवूनही दिलं. भट्ट्यांवर हिवाळ्यात कामाला आलेली कुटुंबं पालं ठोकून राहत होती. त्या रेघेचा त्यांच्याशी काय संबंध येईल याचा विचार त्या दिवशी माझ्या मनात आला नव्हता.

काका हवामान खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर यंत्रं दुरुस्त केली, त्यांच्याशी बोटांनी बोलणारा माणूस. प्रकल्पाच्या नियमात होतं की यंत्रं ज्याने बसवली आणि जो चालवतो त्याने सोडून दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या उपकरणांनी तपासणी करायची, निदान दर सहा महिन्यांनी. कोळशाच्या धुळीत सहा महिने फार, म्हणून आम्ही दोनच महिन्यांत काकांना बोलावलं. नागपूरहून पहाटेच्या एसटीने आम्ही निघालो. त्यांच्या मांडीवर एक पत्र्याची पेटी होती, ती त्यांनी वरच्या फळीवर ठेवू दिली नाही.

मैदानात पोहोचताच मी कापड घेऊन ऊन मोजणाऱ्या यंत्राची काचेची टोपी पुसायला गेले. त्यावर काळपट थर बसला होता आणि मला तो काकांना दिसायला नको होता. त्यांनी माझा हात धरला. "थांब गं. तू आता पुसलंस तर गेले दोन महिने ते काय सांगत होतं ते कसं कळणार? आधी आहे तसं नोंदव. मग हात लाव." त्या दिवशी प्रत्येक यंत्राला दोन रकाने होते: सापडलं तसं आणि करून ठेवलं तसं. पहिल्या रकान्याशिवाय दुसऱ्याला काही किंमत नाही, कारण जुन्या नोंदींचं काय करायचं हे फक्त पहिला रकाना सांगतो. आधी पुसायचा मोह मला अजूनही होतो.

१२:२७ ला काकांनी सावलीच्या दोन टोकांना खिळे ठोकले. त्या दोन खिळ्यांवरून सुतळी ताणत आम्ही रेषा मनोऱ्यापासून २० मीटरपर्यंत नेली आणि तिथे काठी रोवली. ही खरी उत्तर. वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण ज्या आडव्या दांड्यावर बसतो तो दांडा उत्तर-दक्षिण लावायचा असतो. बाणाचं शून्य त्यावरूनच ठरतं. काठीपाशी उभं राहून वर पाहिलं तर दांडा टोकाकडून दिसायला हवा, म्हणजे नुसता एक ठिपका.

मी वर पाहिलं. दांडा आडवा दिसत होता. चांगला हातभर लांब.

काका काही बोलले नाहीत. मनोऱ्याला बांधलेल्या २० मीटरच्या दोरीचं दुसरं टोक हातात धरून ते पश्चिमेकडे वर्तुळात सरकत गेले, मान वर, पावलं आडवी. एका जागी थांबले. "इथून ठिपका दिसतो." तिथे दुसरी काठी. दोन्ही काठ्यांमध्ये टेप धरला: ८ मीटर ३० सेंटिमीटर. हिशेब मनोऱ्याच्या सावलीत बसूनच केला. २० मीटर त्रिज्येला एवढी जीवा म्हणजे २४ अंश. दिशेच्या मापात सगळ्या चुका मिळून ५ अंशांपर्यंत चालतात, त्यातल्या दांडा लावण्याच्या वाट्याला जेमतेम २. आमचं शून्य २४ अंशांनी पश्चिमेला सरकलेलं होतं. म्हणजे प्रत्येक वारा २४ अंश जास्त नोंदला जात होता. ७० अंशांचा वारा मुळात ४६ अंशांचा. बरोबर ईशान्येचा.

दोन किलोमीटरवर २४ अंश म्हणजे सव्वाआठशे मीटरहून जास्त. रेघ भट्ट्यांवरून उठली आणि कोळशाच्या ट्रकांच्या कच्च्या रस्त्यावर जाऊन पडली.

डिसेंबरात दांडा मी लावला होता. मनोऱ्याच्या बुडाशी उभी राहून, मोबाइलमधल्या होकायंत्रावर. आता तोच मोबाइल काढला. मनोऱ्यापाशी एक उत्तर, तीस पावलं दूर गेल्यावर वेगळी. एवढ्या लोखंडाच्या शेजारी चुंबकसूची दुसरं काय करणार? काकांनी पेटीतलं भिंगाचं होकायंत्र काढलं आणि मैदानाच्या पार कोपऱ्यात, कुंपणाच्या तारेपासूनही लांब जाऊन आमच्या सुतळीच्या रेषेत धरलं. सावलीशी एका अंशाच्या आत जमलं. खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतला फरक आपल्याकडे अगदी किरकोळ आहे, त्यामुळे होकायंत्र वापरण्यात काही चूक नव्हती. चूक मी उभी होते त्या जागेची होती.

"रडू नकोस," काका म्हणाले. मी रडत नव्हते, पण तसं दिसत असावं. "सापडलं ना? आता जेवा."

जेवणानंतर पोराने कमरेला पट्टा बांधला आणि वेगमापक दोरीने खाली सोडलं. तीन कपांचं साधं यंत्र. काकांनी कप काढून त्या जागी ठरावीक फेऱ्यांची मोटर जोडली. मिनिटाला एवढ्या फेऱ्या म्हणजे एवढा वेग, हे गणित बनवणाऱ्याच्या कागदावर असतं. तीन वेगवेगळ्या फेऱ्यांवर नोंदपेटीतला, म्हणजे यंत्रांच्या नोंदी साठवणाऱ्या पेटीतला, आकडा बरोबर आला. मला हायसं वाटलं. पण मोटर जोर लावून दांडी फिरवते. मंद वारा तसा फिरवू शकेल का, हे तिला कळत नाही. त्यासाठी काकांकडे एक पातळ चकती होती, तिला मध्यापासून ठरावीक अंतरांवर भोकं. दांडी आडवी धरायची, चकती बसवायची आणि भोकात इवलेसे वजनाचे स्क्रू लावत जायचं. किती वजनाला दांडी हलते ते बघायचं. नवीन बेअरिंग ज्या वजनाला हलतं, त्याच्या तिप्पट वजन लागलं. काकांनी दांडी कानाजवळ धरून हळू फिरवली आणि मला दिली. मलाही ऐकू आलं. कोळशाची बारीक कचकच.

घर्षण तिप्पट झालं म्हणून यंत्र जागं होण्याचा वेग तिप्पट होत नाही. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून वर्गमूळ घ्यायचं: सुमारे पावणेदोनपट. नवं असताना अर्धा मीटर प्रति सेकंदाला कप हलायचे, आता जवळजवळ ०.९ ला. ऐकायला किरकोळ वाटेल. पण चंद्रपूरच्या हिवाळ्यातल्या रात्री वारा असतोच तेवढा. दिवस मावळला की हवा खाली बसते आणि धूळ तिच्याबरोबर. आमच्या नोंदीत रात्रींमागून रात्री 'शांत' लिहिलेल्या होत्या आणि शांत तासाला दिशा धरत नाहीत, म्हणून ते तास रोझमधून आपोआप गळत होते. सगळ्यात जास्त धुळीचे तास तेच. शिवाय धूर आणि धूळ कशी पसरते याच्या गणितात वाऱ्याचा वेग छेदात असतो. वेग निम्मा धरला की हवेतली धूळ दुप्पट निघते. बेअरिंग बदललं. छोटीशी वस्तू आहे, तळहातावर दिसतही नाही नीट.

तापमानाचं काम मला सगळ्यात आवडलं. आम्हाला नुसतं तापमान नको होतं, २ मीटर आणि १० मीटर यांतला फरक हवा होता. दिवसा जमीन तापलेली, वर गेलं की थंड, हवा घुसळते आणि धूळ वर निघून जाते. रात्री उलटं, खाली गार आणि वर ऊबदार, जणू झाकण. फरकाच्या चिन्हावरून हे झाकण आहे की नाही ते कळतं. पण कोरडी हवा वर जाताना १०० मीटरला साधारण एक अंश थंड होते, म्हणजे ८ मीटरला ०.०८. एवढं बारीक मोजायचं तर दोन्ही संवेदकांनी एकमेकांशी ०.१ अंशाच्या आत जमवून घ्यायला हवं. दोघंही सारखेच अर्धा अंश चुकले तर चालेल, पण एकानेच चुकायचं नाही.

काकांनी दोन्ही संवेदक रबरबँडने एकत्र बांधले. मोठ्या थर्मासमध्ये बर्फ ठेचून भरला, वर बॅटरीचं पाणी. त्यात दोघं बुडवून ढवळत राहायचं. मग साध्या पाण्यात, मग चहाच्या टपरीवरून आणलेलं गरम पाणी घालून कोमट पाण्यात. तिन्ही वेळा फरक ०.०५ च्या आत. संवेदक उत्तम होते.

मग काकांनी पेटीतून उदबत्ती काढली. संवेदकांवर ऊन पडू नये म्हणून पांढरं आवरण असतं आणि आत एक छोटा पंखा हवा ओढत राहतो. वर चढलेल्या पोराने आवरणाच्या तोंडाशी उदबत्ती धरली तर धुराची रेघ वाकून आत गेली. खालच्या आवरणापाशी धूर सरळ आकाशात. पंखा बंद. उघडलं तर आत कुंभारणीचं घर! ती मातीची घरटी बांधणारी माशी हो, तिने नळीत सुबक मडकं बांधून पातं जाम केलं होतं. दुपारी खालचा संवेदक आवरणासकट तापत होता आणि आम्ही समजत होतो की हवा फारच घुसळते आहे. चौकीदारदादांनी ते घरटं अलगद सोडवून कुंपणाच्या खांबावर नेऊन ठेवलं. पंख्याला नवी जाळी लागली.

पर्जन्यमापकाला फेब्रुवारीत काम नव्हतं, तरी तपासलं. २०० चौरस सेंटिमीटरच्या तोंडात ४०० मिलिलिटर पाणी अगदी थेंबाथेंबाने सोडलं की ०.२ मिलिमीटरची वाटी १०० वेळा कलंडायला हवी. ९८ वेळा कलंडली, ठीक. आर्द्रतामापक मिठाच्या संपृक्त पाण्यावरच्या बंद बरणीत ठेवलं, तिथे ७५ टक्के यायला हवं, आलं. नोंदपेटीचं घड्याळ धूळमापकापेक्षा ९ मिनिटं पुढे होतं, ते लावलं. काचेची टोपी शेवटी पुसली.

परतल्यावरचा आठवडा मला जास्त जड गेला. दांडा नेमका कधी फिरला? मुळातच वाकडा लावला होता की मधेच सरकला? त्यावर सगळं अवलंबून होतं. मी जोराच्या वाऱ्याचे दिवस निवडले आणि जवळच्या हवामान केंद्राच्या नोंदीशी ताडून पाहिले. अंतर पहिल्याच आठवड्यापासून वीस-पंचवीस अंशांच्या घरात होतं आणि शेवटपर्यंत तसंच राहिलं. म्हणजे मी लावला तेव्हापासूनच. वाईट वाटलं, पण त्याचा फायदाही झाला: सगळ्या दिशांतून सरळ २४ वजा करता येत होते. पंख्याचंही सापडलं. १७ जानेवारीच्या दुपारपासून दिवसाचा फरक एकाएकी वाढलेला दिसत होता, रात्रीचा जवळजवळ तसाच. त्या तारखेपासूनच्या दिवसाच्या नोंदी बाद केल्या. बेअरिंगला मात्र उपाय नव्हता. कचकच हळूहळू वाढलेली, कुठल्या दिवशी किती ते कुणाला सांगता येणार? एक मीटर प्रति सेकंदाच्या खालच्या वाऱ्याचे सगळे तास संशयास्पद म्हणून वेगळे काढले. दोन महिन्यांच्या रात्रींपैकी बऱ्याचशा त्यात गेल्या.

सल्लागारांना पत्र लिहिलं. आधीचं चित्र चुकीचं होतं, दिशा मी चुकीची लावली होती, ते कुठेही वापरू नये. नवं चित्र जोडलं, त्यात पाकळी आखूड आणि पसरट, ईशान्येकडे. "रस्ता" असा शब्द मी त्यावर लिहिला नाही. एका खांबावरून एवढंच म्हणता येतं. एका सल्लागारांनी फोन करून विचारलं की अशी गोष्ट आपणहून लिहून देण्याची गरज होती का. मी म्हटलं, हो होती. त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर भट्टीवरची पालं होती.

निघण्यापूर्वी काकांनी दोन गोष्टी करून घेतल्या होत्या. दांडा नीट लावून झाल्यावर पोराने वर बसून बाणाचं टोक गावाच्या पाण्याच्या टाकीवर रोखून धरलं आणि खाली नोंदपेटीत आकडा आला २१२. तो वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिला: टाकी, २१२. आणि दांड्याच्या पकडीवरून मनोऱ्याच्या नळीपर्यंत लाल रंगाची एक आडवी रेघ ओढली. चौकीदारदादांना खालून ती दाखवली. रेघ सलग दिसते तोवर ठीक.

मेच्या चौथ्या आठवड्यात सकाळी सातला त्यांचा फोन आला. रात्री अवकाळी झाला होता, शाळेच्या चार पत्र्यांचा पत्ता नव्हता.

"मॅडम, ते लाल रेघ तुटली न जी. अर्धी इकडं, अर्धी तिकडं दिसून राहिली."

काका, मी आणि तोच पोरगा दुपारी तिथे पोहोचलो. ओळंब्याचा उपयोग नव्हता. त्या दिवसांत चंद्रपुरात दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवस नुकताच होऊन गेलेला, दोरीची सावली दोरीच्याच पायाशी गोळा झालेली. काकांनी वही मागितली आणि पहिलं पान उघडलं. पोराने वर जाऊन बाण टाकीवर रोखला. मी नोंदपेटीपाशी उकिडवी बसले, पडद्यावर ऊन पडू नये म्हणून पदर आडवा धरला आणि आकडा वाचला.

"२३०."

"हात लावू नको अजून," काका वर बघून ओरडले. मग मला म्हणाले, "लिही. सापडलं तसं: टाकी, २३०. वेळ टाक."